नकार म्हणजे निवाडा नव्हे

सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईकडे येणाऱ्या रेल्वेमार्गावर सचिन नावाचे गाव आहे. आज ते यंत्रमाग, रंगप्रक्रियेचे कारखाने आणि विस्तीर्ण औद्योगिक वसाहत यांमुळे ओळखले जाते. परंतु कोकणकिनाऱ्याशी त्याचे नाते जुने आहे. जंजिऱ्याच्या गादीचा वारसा सांगणारा सिद्दी बाळूमियाँ पेशव्यांच्या आश्रयास आला आणि १७९१ साली त्याने जंजिऱ्यावरील आपला हक्क त्यांना लिहून दिला. त्याच्या मोबदल्यात सुरतेजवळचा जो मुलूख त्याला मिळाला, तेच पुढे सचिनचे संस्थान झाले. या सौद्यातील मौज अशी की, बाळूमियाँस सचिन मिळाले, पेशव्यांस मात्र जंजिरा कधीच मिळाला नाही. हक्क कागदावर राहिला, किल्ल्याचा दरवाजा काही उघडला नाही.

आरोग्य विम्याचे हप्ते वर्षानुवर्षे भरणाऱ्या सामान्य माणसाची गत पुष्कळदा याहून वेगळी नसते. त्याच्या हाती पॉलिसीचा कागद असतो. रुग्णालयाच्या दारात उभे राहिल्यावर कळते की, दरवाजा आतून बंद आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेचे उदाहरण घेतले म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल.

सचिनच्या एखाद्या कारखान्यात काम करणारा चाळिशीतला फिटर डोळ्यांपुढे आणावा. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून खुब्याचा सांधा ढासळतो, हा आजार म्हाताऱ्यांचाच नव्हे. स्टिरॉइड औषधांचा दीर्घ वापर, मद्यपान, सिकलसेलसारखा रक्तदोष, जुनी दुखापत अशी त्याची अनेक कारणे आहेत. दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, आणि कोविडमधून बरे झालेल्या तरुणांत हा विकार आढळत असल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच नोंदविले होते. सांधा पुरता ढासळला की कृत्रिम सांधा बसविण्यावाचून गत्यंतर उरत नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नले यांनी १९६२ च्या सुमारास ही शस्त्रक्रिया विश्वासार्ह करून दाखविली. आज ती चैन नसून माणसाला पुन्हा पायावर उभे करणारा नित्याचा उपचार आहे. मात्र तरुण रुग्णाचा वा पूर्वी शस्त्रक्रिया झालेला खुबा हे कोणाही शल्यविशारदाचे काम नव्हे. त्यासाठी त्या विषयात मुरलेला हात लागतो.

नेमक्या याच टप्प्यावर विमा कंपनीचे उत्तर येते आणि त्याचे प्रकार ठरलेले असतात. सांधाबदलाचा प्रतीक्षाकाळ संपलेला नाही, हा पहिला. आजार पॉलिसी घेण्यापूर्वीचा आहे, हा दुसरा. रुग्णालय आमच्या यादीत नाही, हा तिसरा. आणि शस्त्रक्रियेची आवश्यकता सिद्ध होत नाही, हा चौथा. यांतील प्रत्येक कारण कधी ना कधी खरे असू शकते. अडचण ही की, खरे असो वा नसो, ते एकाच साच्याच्या दोन ओळींत कळविले जाते, आणि दुखण्याने गांजलेला माणूस त्या दोन ओळींना न्यायालयाचा निवाडा समजून घरी परततो. घर गहाण पडते, बायकोच्या अंगावरचे सोने मोडले जाते, नाही तर माणूस आयुष्यभर लंगडतो.

परिस्थितीचे मान आकड्यांवरून कळेल. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार त्या वर्षी आरोग्य विमा कंपन्यांकडे सुमारे १ लाख १७ हजार कोटी रुपयांचे दावे होते. त्यांपैकी ८३ हजार ४९३ कोटी, म्हणजे शंभर रुपयांमागे ७१ रुपये, देण्यात आले. सुमारे १५ हजार १०० कोटी रुपये अटींवर बोट ठेवून अमान्य करण्यात आले आणि १० हजार ९३७ कोटींचे दावे साफ फेटाळण्यात आले. या रकमांत खोटे आणि फुगविलेले दावेही असणार, हे आम्ही मान्य करतो. परंतु त्यांत किती चाळिशीतले फिटर होते, हे या आकड्यांवरून कोणालाच सांगता येणार नाही, आणि आमच्या मते प्रश्नाचे मूळ तेथेच आहे.

कायदा विमेदाराच्या बाजूने नाही, असे मात्र कोणी समजू नये. नियामकाने २०२४ मध्ये जे नियम केले, त्यांनी पूर्वीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. सांधाबदलासारख्या नेमून दिलेल्या उपचारांनाही हीच मर्यादा आहे, आणि अपघाताने मोडलेल्या खुब्याला हा प्रतीक्षाकाळ लागू होत नाही. उंबऱ्याला अडखळून पडलेल्या आजीचे हाड मोडले असता, 'हा अपघात नव्हे, वयोमानाने हाडे ठिसूळ झाली' असा युक्तिवाद कोणी करू लागल्यास तो निमूटपणे ऐकून घेण्याचे कारण नाही. पॉलिसी सलग पाच वर्षे चालू राहिली असेल, तर माहिती दडविल्याचा ठपका ठेवून दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. रोकडरहित उपचाराच्या विनंतीवर एका तासात निर्णय व्हावा आणि दावा फेटाळायचा झाल्यास पॉलिसीतील नेमके कलम दाखवून तसे कळवावे, असेही बंधन आहे.

न्यायालयेही उदासीन राहिलेली नाहीत. यादीबाहेरच्या विशेष रुग्णालयात उपचार घेतलेल्या एका निवृत्त केंद्रीय अधिकाऱ्याचे बिल सरकारने अडविले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले की, रुग्णालयाचे नाव यादीत नाही एवढ्यावरून हक्क नाकारता येणार नाही. उपचार खरोखर घेतला की नाही आणि त्याची नोंद आहे की नाही, हे पाहावयाचे. ते प्रकरण सरकारी आरोग्य योजनेचे होते. खासगी पॉलिसीचा करार वेगळा असतो, हे खरे. पण त्यामागील विचार, म्हणजे यादी रुग्णासाठी असते, रुग्ण यादीसाठी नसतो, हा सर्वत्र लागू पडावा असाच आहे. खासगी विम्याच्या बाबतीतही डिसेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने असा निर्णय दिला की, विमेदाराची प्रकृती ठाऊक असताना एकदा पॉलिसी दिली की, त्याने सांगितलेल्याच आजाराचे निमित्त करून मागाहून हात झटकता येणार नाहीत.

पण याच दुसऱ्या खटल्याची दुसरी बाजू पाहावी. त्यातील विमेदार २००९ च्या मे महिन्यात परदेशी उतरताच आजारी पडला आणि न्याय मिळाला तो २०२१ च्या डिसेंबरात. म्हणजे एक तप उलटून गेले! हृदयविकाराचा खर्च आधी भागवून मग बारा वर्षे भांडण्याचे बळ त्या गृहस्थांकडे होते. ढासळणारा खुबा बारा वर्षे थांबत नाही, बारा महिनेही थांबत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही आपल्याकडची म्हण भित्रेपणातून नव्हे, अनुभवातून आलेली आहे.

म्हणूनच कोर्टाच्या अलीकडच्या पायऱ्या प्रत्येक विमेदारास तोंडपाठ असाव्यात. नकार आला की तो लेखी मागावा, कलमासहित मागावा. शल्यविशारदाकडून शस्त्रक्रियेची गरज आणि विलंबाचे परिणाम यांचे सविस्तर पत्र घ्यावे व ते जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे फेरविचाराची मागणी करावी. महिन्याभरात उत्तर न आल्यास किंवा आलेले न पटल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील नाही. पन्नास लाखांपर्यंतचे वाद तेथे चालतात, लोकपालाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, आणि तीस दिवसांत तो न पाळल्यास तक्रारदाराला रोज पाच हजार रुपये दंड द्यावा लागतो. तेथेही समाधान न झाल्यास ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. हा मार्ग सचिनमधील कामगाराला जसा, तसाच पणजीतील कारकुनाला आणि सावंतवाडीतील निवृत्त शिक्षकालाही खुला आहे.

सचिनमधील पुष्कळ कामगारांकडे खासगी पॉलिसी नसते, त्यांचा आधार १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली कामगार राज्य विमा योजना. तिचा हप्ता २०१९ च्या जुलैपासून कामगाराकडून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के असा ठरविण्यात आला. पगारातून पैसे कापले जात असतानाही 'सरकारी दवाखाना फुकटचा, त्याला जाब कसा विचारावा' असा संकोच कामगाराच्या मनात असतो. तो अनाठायी आहे. या योजनेतील उपचार फुकटचे नव्हेत, कामगाराच्या हप्त्यातून मिळणारी ती सेवा आहे आणि तीत कसूर झाल्यास ग्राहक म्हणून दाद मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले आहे. ठेकेदाराच्या हाताखाली, हजेरीपटावर नाव नसलेल्या मजुराला मात्र हाही आधार नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. बनावट दावे होतात, रुग्णालये विमा आहे म्हटल्याबरोबर बिल फुगवितात. अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारी योजनेच्या पैशासाठी खेडुतांवर हृदयाच्या अनावश्यक शस्त्रक्रिया झाल्याचे प्रकरण बाहेर आले आणि दोघांचे प्राण गेले. तेव्हा तपासणी हवीच. पण तपासणी वेगळी आणि अडवणूक वेगळी. तपासणी करणारा प्रश्न विचारतो. अडवणूक करणारा उत्तर ऐकून घेत नाही. लबाड रुग्णालयाची शिक्षा प्रामाणिक रुग्णाच्या खुब्याला देणे हा कोणता न्याय?

आज सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे: नकार द्यायला एक ओळ पुरे, तो खोडून काढायला मात्र रुग्णाने कागद जमवावेत, पत्रे लिहावीत, रोज बुडवून खेपा घालाव्यात. सचिनच्या कामगाराचा लोकपाल अहमदाबादला, अडीचशे किलोमीटरांहून दूर. ऑनलाइन तक्रारीची सोय आहे. परंतु इंग्रजी पॉलिसीतील कलम समजल्याशिवाय तक्रार तरी काय लिहिणार? जो भांडतो त्याला पुष्कळदा मिळते, जो गप्प बसतो त्याला मिळत नाही. हक्क भांडखोराला आणि नकार गरिबाला, अशी ही विभागणी झाली आहे.

ती उलटी केली पाहिजे, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. दावा समितीच्या संमतीवाचून फेटाळू नये असा नियम २०२४ मध्ये झाला खरा, पण ती समिती कंपनीचीच. आपल्याच तराजूत आपलेच माप घालण्याचा हा प्रकार होय. मोठ्या शस्त्रक्रियेचा दावा नाकारला की ते प्रकरण रुग्णाने न मागताही त्या विषयातील स्वतंत्र तज्ज्ञापुढे आपोआप जावे. खुब्याच्या प्रश्नावर खुब्याच्या शल्यविशारदानेच मत द्यावे आणि त्याखाली आपली सही करावी. ठरावीक दिवसांत निर्णय न झाल्यास दावा मंजूर समजावा. नकाराचे पत्र रुग्णाच्या भाषेत असावे, आणि कोणत्या कंपनीने कोणत्या आजारासाठी किती दावे नाकारले, याचा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. यात कंपन्यांवर कोणताही अन्याय नाही, ज्याने पैसे आधी घेतले त्याने जाबही आधी द्यावा, एवढाच साधा व्यवहार आहे.

हे होईल तेव्हा होवो, तोवर विमेदाराने एवढे पक्के ध्यानी धरावे की, कंपनीचा नकार हे एका पक्षाचे म्हणणे आहे, न्यायाधीशाचा निवाडा नव्हे. पेशव्यांच्या हातात जंजिऱ्याचा कागद होता. तो बजावण्यासाठी लागणारे आरमार नव्हते. आजच्या विमेदारापाशी लोकपाल आहे, ग्राहक आयोग आहे, न्यायालयांचे निर्णय आहेत. दार बंद दिसले म्हणून त्याने परत फिरू नये. कागद हातात धरून ते ठोठवावे, आणि उघडेपर्यंत ठोठवीत राहावे.