रिमोट साहेबांच्या हातात

पलूस तालुक्यातल्या एका शाळेत या आठवड्यात ड्रोन उडाला. त्याचा फोटो तुमच्याही मोबाईलवर येऊन गेला असेल. पाहुणे दोन्ही हातांत रिमोट धरून आभाळाकडे बघताहेत, संस्थेचे पदाधिकारी पाहुण्यांकडे बघताहेत, आणि ज्यांच्या नावावर हा शैक्षणिक ड्रोन घेतला ती पोरं मागं हाताची घडी घालून रांगेत उभी. फोटोत जे आलं नाही ते सांगतो, कारण मी तिथं होतो. बॅटऱ्या तीन. एक बॅटरी जेमतेम आठ मिनिटांची. पहिली पाहुण्यांनी संपवली, दुसरी अध्यक्षांनी, तिसरी विज्ञानाच्या सरांनी ‘जरा सेटिंग बघतो’ म्हणत. सातवीतलं एक पोरगं धीर करून पुढं आलं, ‘सर, मला द्या की एकदा.’ सर म्हणाले, ‘बॅटरी संपली रे.’ खोटं बोलले नाहीत.

1995 च्या युती सरकारचा रिमोट कुणाच्या हातात होता ते महाराष्ट्राला पाठ आहे. शाळेतल्या साधनांचा रिमोट कुणाच्या हातात असतो ते या सदराच्या वाचकांना पाठ आहे. प्रयोगशाळेच्या कपाटावर मी लिहिलं तेव्हा एका मुख्याध्यापकांनी रागावून कळवलं होतं, की साधनं मोडली तर भरून कोण देणार? साहेब, मोडण्यासाठीच असतात ती. त्या ड्रोनच्या खोक्यात चार पंखे जादा दिलेले असतात, ते कशाला? बनवणाऱ्याला माहीत आहे की ड्रोन पडणार आहे. माहीत नाही ते फक्त आपल्या साठा नोंदवहीला.

पण शाळेवर चिडून मी हे लिहायला बसलेलो नाही. त्याच आठवड्यात आमणापूरच्या बाजूला नदीकाठच्या उसात दुसरा रिमोट बघायला मिळाला, आणि दोन्ही रिमोट मनात शेजारी ठेवल्यावर राहवेना.

ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन आत कुणी शिरत नाही. पानं अंग कापतात, औषध तोंडावर येतं. म्हणून आता फवारणीला ड्रोन बोलावतात. हा आलेला दहा लिटरच्या टाकीचा, सहा हातांचा. चालवणाऱ्या बचत गटातल्या एक ताई. केंद्र सरकारची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना 2023 च्या शेवटी आली: 15,000 बचत गटांना ड्रोन, किमतीच्या 80 टक्के अनुदान, पण आठ लाखांच्या आत. ताईंनी आधी रिमोट घेऊन बांधावरून चक्कर मारली, कोपरा आला की बटण दाबून खूण केली. रिमोटच्या मधल्या पडद्यावर शेताचा आकार उमटला. मग एक बटण दाबलं आणि यंत्र आपलं आपण उठलं, पट्टे धरून औषध मारत सुटलं. टाकी रिकामी झाली तसं परत आलं, भरून दिल्यावर जिथं सोडलं होतं बरोबर तिथूनच पुन्हा सुरू झालं.

या सगळ्या वेळात ताईंचे दोन्ही अंगठे रिमोटच्या दोन दांड्यांवर टेकलेले. दाबत नव्हत्या, नुसते टेकलेले. म्हटलं, ‘ते तर एकटंच चाललंय, मग बोटं कशाला?’ त्यांनी हनुवटीनं मोटारीकडे गेलेल्या विजेच्या तारा दाखवल्या. ‘ती वायर त्याला दिसत न्हाई. मला दिसतीया.’ रडार असतं म्हणे, पण बारीक तार त्यातून निसटते.

शेवटच्या पट्ट्याला वारा आला. यंत्र तारांच्या अंगानं थोडं जास्तच सरकलं. ताईंनी बोटानं एक खटका मागं ओढला, यंत्र आपल्या ताब्यात घेतलं आणि हातानं बांधावर आणलं. बघणाऱ्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. विशेष हे की येताना यंत्राचं तोंड ताईंकडे होतं. ड्रोनचं तोंड आपल्याकडे असलं की त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. दांडी डावीकडे ढकलली की ड्रोन आपल्या उजवीकडे जातो. नवशिक्याचा अंगठा इथंच फसतो. घाबरून तो तीच दांडी आणखी जोरात दाबतो आणि ज्या तारेपासून वाचवायचं, तिच्यातच ड्रोन घालतो. ताईंचा अंगठा फसला नाही.

कुठं शिकलात म्हटल्यावर त्यांनी हिशोब सांगितला: योजनेचं प्रशिक्षण पंधरा दिवसांचं, त्यातले पहिले पाच दिवस पायलटकीचे, पुढचे दहा औषध-फवारणीचे. ‘पहिल्यांदा शेपूट आपल्याकडं करून चौकोन काढायचा. मग तोंड आपल्याकडं करून. मग आठचा आकडा. आठच्या आकड्यानं रडवलं बघा.’

आता शाळेतला ड्रोन घ्या. त्याचं वजन पन्नास-साठ ग्रॅम, ताईंचा दहा लिटर औषध घेऊन उठणारा. पण दोन्ही रिमोटांची भाषा एकच. डाव्या दांडीनं वर-खाली आणि जागच्या जागी वळण, उजवीनं पुढं-मागं आणि डावं-उजवं. दांडी सोडली की स्प्रिंगनं मध्यावर येते आणि ड्रोन आहे तिथं थांबतो. शाळेत जे अंगठे ही भाषा शिकतील त्यांना पुढं ताईंचा रिमोट परका वाटायचं कारण नाही. शिवाय नियम शाळेच्या बाजूचे. ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. ताईंच्या गटातल्या ड्रोनला लागतं, आणि ते मिळायला वय 18 ते 65 आणि दहावी पास हवं. म्हणजे जो बहुतेक वेळ आपला आपण उडतो त्याला सरकार माणसाचे हात तपासून घेतं, आणि जो हातानंच उडवायचा तो पोरांना मोकळा सोडलाय. यापेक्षा सोयीचा नियम शिक्षण खात्याच्या इतिहासात सापडणार नाही. तरी पोरांच्या हाताला रिमोट लागत नाही.

समारंभातली आणखी एक गंमत. या छोट्या ड्रोनांत ‘हेडलेस’ नावाची एक सोय असते. ती चालू केली की ड्रोनचं तोंड कुठंही असो, दांडी डावीकडे म्हणजे तुमच्याच डावीकडे. पाहुण्यांची फजिती नको म्हणून आयोजकांनी ती आधीच चालू करून ठेवली होती. पण या सोयीला एक अट आहे: उडवताना जिकडे तोंड करून उभे होता तिकडंच उभं राहायचं. पाहुण्यांना फोटोग्राफरनं हाक मारली, पाहुणे हसत वळले, आणि ड्रोन मंडपाच्या कापडात. पोरं पहिल्यांदा मनापासून हसली. मला विचाराल तर अख्ख्या कार्यक्रमातला शिकण्यासारखा क्षण तो एवढाच, आणि त्यावर सरांनी पोरांना गप्प केलं. ‘असं का झालं?’ एवढं एका पोराला फळ्याजवळ उभं करून विचारलं असतं तर दिशा, कोन आणि आरसा असे तीन धडे एका झटक्यात झाले असते. हेडलेस म्हणजे उत्तरं आधीच छापलेली प्रश्नपत्रिका. अवघड तेवढं काढून टाकायचं आणि उरलेल्याला कौशल्य म्हणायचं.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं, की अहो, आता दांड्या कुठल्या घेऊन बसलात, ड्रोन मोबाईलवर उडतो. उडतो. 2018 साली आलेला ‘टेलो’ 80 ग्रॅमचा, बॅटरी तेरा मिनिटांची, खोक्यात रिमोटच नाही. मोबाईलच्या काचेवर दोन गोल येतात, त्यांवर अंगठे फिरवायचे. काचेला स्प्रिंग नसते. अंगठा मध्यावर आहे की घसरलाय ते अंगठ्याला कळत नाही, म्हणून डोळे काचेवर जातात. डोळे काचेवर गेले की ड्रोनवर राहत नाहीत. ताई तासभर उसाकडे बघत उभ्या होत्या, रिमोटकडे त्यांनी किती वेळा बघितलं असेल? टाकी आणि बॅटरी तपासायला तेवढं.

आणि मोबाईलचा विषय निघालाच आहे तर, शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवतं आणि पोरांच्या अभ्यासासाठी दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवतं. देशभर कौतुक झालं त्याचं. आपल्या शाळाही त्या गावाचं उदाहरण देतात. त्याच शाळांत ड्रोनच्या तासाला ‘मोबाईल काढा, ॲप उघडा’. मोबाईल सुटावा म्हणून हातात काहीतरी द्यायची चालून आलेली संधी आपण परत मोबाईलमध्येच घालतो. मोबाईलवरचा माझा राग जुना आहे, वाचक तो वजा करून घेतीलच.

कोडिंगवाल्यांचं म्हणणं जरा बरं आहे. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब 2016 पासून आल्या, शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं, त्यात ठोकळे जोडून किंवा पायथनमध्ये आज्ञा लिहून ड्रोन उडवता येतो. चांगलंच आहे. पण दांडी की कोडिंग असं भांडण लावायचं कारण नाही. ‘कोड्रोन एज्यू’सारख्या शाळेच्या ड्रोनात तर रिमोटलाच वायर लावून तो कॉम्प्युटरला जोडतात आणि आज्ञा रिमोटमधूनच ड्रोनकडे जातात. ज्या पोरानं अंगठ्यानं वळण घेतलंय त्याला ‘नव्वद अंशात वळ’ ही ओळ लिहिताना काय होणार ते आधीच ठाऊक असतं. बाकीची पोरं फळ्यावरून उतरवून घेतात.

ड्रोनच्या अशा समारंभात ‘थ्री इडियट्स’मधला ड्रोनचा प्रसंग हमखास दाखवतात, त्या शाळेतही दाखवला. 2009 च्या त्या सिनेमातला ड्रोन आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या पोरांच्या ‘आयडियाफोर्ज’नं केला होता. सिनेमात त्या ड्रोनच्या पोराला मुदत नाकारणारा माणूस कोण, तर प्राचार्य. इथं प्राचार्यांनीच टाळ्या सुरू केल्या.

पलूसकरांनी तरी हे असं करू नये, कारण आपण किर्लोस्करवाडीच्या सावलीत राहतो. 1910 साली औंध संस्थानाच्या माळावर लक्ष्मणरावांनी कारखाना मांडला तो लोखंडी नांगराच्या जोरावर, आणि तोच नांगर सुरुवातीला कुणी घेईना. लोखंडानं जमीन नासते अशी समजूत. ती समजूत भाषणानं गेली नसणार, ज्यानं रुमणं स्वतः दाबून बघितलं त्याच्याकडून ती गेली असणार असं मला वाटतं. कागदोपत्री पुरावा मागू नका. पण 2024 च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या गावांत रात्रीच्या ड्रोनच्या अफवांनी माणसं काठ्या घेऊन गस्त घालत होती, त्यांच्यातल्या कितीजणांनी कधी रिमोट हातात धरला होता, एवढा प्रश्न मी विचारू शकतो.

आता शाळेसाठी हिशोब. तीन बॅटऱ्या गुणिले आठ मिनिटं, झाली चोवीस. वर्गात चाळीस पोरं. प्रत्येकाला छत्तीस सेकंद. छत्तीस सेकंदांत वर उचलायचा, छातीच्या उंचीवर थांबवायचा, खाली ठेवायचा. पहिल्या दिवशी तेवढं पुरतं. दुसऱ्या तासाला चौकोन. तोंड आपल्याकडे करून उभा ठेवणं महिनाभरानं. पंख्यांना गार्ड लावलेले असावेत, पटांगण नको, हॉल चालेल, हेडलेसचं बटण बंद. पाहुणे लागतीलच तर तारांपासून ड्रोन परत आणणाऱ्या ताईंना बोलवा. एक मात्र आधीच सांगतो, शाल आणि नारळ देऊन त्यांना कटवता येणार नाही. त्या एकरी दरानं काम करतात, शाळेनं तासाचा दर विचारून ठेवावा, आणि औषधाच्या हंगामात तर आठ दिवस आधी.