शाहीर एका गीतात मावत नाही

आपल्या महाविद्यालयात समारंभाच्या आरंभी राज्यगीत लागते. आपण उठून उभे राहतो, गीत संपले की बसतो. हा आवाज कोणाचा, असे मी वर्गमित्रांना विचारले. दोघांनाच ठाऊक होते. त्यांतल्या एकाने तर 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट पाहिला होता म्हणून.

आवाज शाहीर साबळे यांचा. गीत नागपूरच्या राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा ते घरोघरी पोहोचले आणि २०२३ मध्ये राज्यगीत ठरले. पण माझे म्हणणे असे की, या सन्मानाआड बाकीचा शाहीर झाकला गेला आहे.

कृष्णराव साबळे यांचा जन्म १९२३ साली वाईजवळच्या पसरणीचा. अमळनेरला आजोळी शिकत असताना त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. शाळा सातवीपर्यंतच झाली. पुढे मुंबईत त्यांनी पोवाडे गायिले, कोळीगीते गायिली, ध्वनिमुद्रिका काढल्या. 'यमराज्यात एक रात्र', 'आंधळं दळतंय' अशी मुक्तनाट्ये रंगभूमीवर आणली. गण, गवळण, बतावणी हा साचा तमाशाचाच. पण विषय मात्र आजचे, मुंबईतल्या मराठी माणसाच्या दुखण्याचे. पुढे 'महाराष्ट्राची लोकधारा'त गोंधळी, वासुदेव, कोळी यांना त्यांनी तिकीट लावलेल्या रंगमंचावर आणले. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१५ साली ते गेले.

कोणी म्हणेल, दिव्यांच्या झगमगाटात लोककलेचा मूळ गंध उडतो. आक्षेप अगदीच खोटा नाही. रात्रभर चालणारा गोंधळ दहा मिनिटांत कसा मावणार? पण मंचावर तो आलाच नसता तर शहरातल्या किती मुलांनी संबळ ऐकले असते? कला जपायची म्हणजे कपाटात ठेवायची नव्हे. तिला आजचे बोलायला लावायचे, हे या कलावंताकडून शिकावे.

हे मी का लिहितो? माझे वडील दंडारीत बाईचे सोंग घेत. धान निघाले की मंडईच्या दिवसांत रात्र रात्र खेळ चाले. आठवीत असताना ही गोष्ट मित्रांना कळू नये म्हणून मी धडपडत असे. त्यांचा लुगड्यातला फोटो मी पेटीच्या तळाशी लपवला होता. आज त्याची लाज वाटते. फोटोची नव्हे, लपवण्याची.

यंदाच्या स्नेहसंमेलनात ध्वनिफितीवरची नृत्ये झाली. मीही एका नृत्यात होतो. धानोऱ्याच्या आसपास गोंडी रेला आहे, दंडार आहे, खडी गंमत आहे. आपल्या मंचावर त्यांतले काहीच नव्हते. घरी मी वडिलांना म्हटले, पुढच्या वर्षी आम्हाला शिकवा. ते हसले. "तुमच्या कॉलेजात आमची दंडार कोन पायते गा?"

या प्रश्नाचे उत्तर मी एकटा देऊ शकत नाही. प्राध्यापकांनी अर्धा तास द्यावा, आपण चौघे-पाच जण पुढे यावे. विषय आपल्याकडे भरपूर आहेत : धानाचा भाव, पावसाळ्यात तुटणारा रस्ता, न येणारी एस. टी. पहिले सोंग मी घेईन. लुगडे घरी आहेच.