आमच्या उजेडावर सही कोणाची?

घरात रॉकेल कमी असले की कंदिलाची वात खाली ओढायची, ही रीत आपल्या आज्यांना ठाऊक होती. पण वात किती ओढायची ते आजी ठरवीत असे, कंदील ठरवीत नसे. आजच्या लॅपटॉपात मात्र कंदीलच घरचा कर्ता होऊन बसला आहे. भिंतीतली पिन काढली रे काढली, की पडदा असा काळवंडतो, जणू घरात कुणाचे बरेवाईट झाले! पिन पुन्हा लावा, की तोच पडदा लग्नमंडपासारखा लखलखतो. दोन्ही वेळा मालकाला कुणी विचारलेले नसते. माझे भांडण आहे ते ह्या न विचारण्याशी.

प्रथम प्रतिपक्षाचे माप त्याच्या पदरात घालतो. बी. कॉम. झालेल्या माणसाने जमेची बाजू लपवू नये. धरा, बॅटरी 50 वॉट-तासांची आहे आणि यंत्र 10 वॉट खाते. म्हणजे पाच तास चालेल. पडद्यामागचा दिवा मंद करून त्यातले 2 वॉट वाचवले, तर सव्वासहा तास. सव्वा तासाचा निव्वळ नफा! पडदा हा लॅपटॉपातला मोठा खाऊ आहे, हे खरेच. तेव्हा बचतीला माझा विरोध नाही. लोकांची बचत खाती उघडण्यातच माझे अर्धे आयुष्य गेले आहे. पण खातेदाराच्या सहीशिवाय त्याची रक्कम काढून 'तुमच्याच भल्यासाठी' मुदत ठेवीत टाकली, तर आमच्याकडे त्याला बचत म्हणत नाहीत. त्याची चौकशी लागते.

आणि निकष तरी कोणता? तर वायर! भर दुपारी लॅपटॉप घेऊन गॅलरीत बसून पाहा. तिथे प्लग नसतो, ऊन मात्र मुबलक असते. म्हणजे पडद्याला उजेड सर्वांत जास्त हवा, नेमका तेव्हाच तो कमी होतो. उलट रात्री वीज जाते, डोळे बिचारे अंधाराला सरावतात, आणि वीज येताच ट्यूब लुकलुकायच्या आत हा पडदा तोंडावर टॉर्च मारतो. वायरीला विजेची खबर असते; उजेडाची नसते, आणि डोळ्यांची तर मुळीच नसते. ज्याच्या नाकावर चाळिशी बसली आहे, त्याला 8 आणि 3 यांतला फरक कळायला किती उजेड लागतो, हे विशीतल्या पोरांनी परस्पर ठरवू नये.

"काका, लिनक्सवर सगळं तुमच्याच हातात असतं," असे आमचा पुतण्या म्हणतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. 1991 साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेल्या ह्या कारखान्याचे दार सर्वांना उघडे आहे. तिथे पडद्याची प्रखरता म्हणजे 'ब्राइटनेस' नावाच्या फाइलीतला एक साधा आकडा. कमाल मर्यादा शेजारच्या फाइलीत. एका यंत्रावर ती शेकड्यांत, तर दुसऱ्यावर हजारांत. विजेच्या खात्यात 'ऑनलाइन' नावाची फाइल असते : वीज असली तर 1, नसली तर 0. पिन निघाली की कर्नल, म्हणजे हेड ऑफिस, दवंडी पिटते. 'यूडेव्ह' नावाचा शिपाई ती ऐकतो, नियमांची चोपडी चाळतो आणि असेल तो हुकूम बजावतो. आकडा बदलायला बहुधा 'रूट' साहेबांचीच सही लागते. हुबेहूब आमची शाखा! फरक एवढाच, की इथे नियम खातेदाराला लिहिता येतो.

पण एवढी मुभा मिळाल्यावर हे बहाद्दर लिहितात काय? 0 आले की तीस टक्के, 1 आले की शंभर! सासूच्या जाचातून सुटलेली सून स्वतः सासू होते, ती अशी.

अहो, नियमाने आकडा ठरवू नये, लक्षात ठेवावा! पिन निघाली की विजेवरचा आकडा टिपून ठेवावा, आणि बॅटरीवर मी मागच्या वेळी माझ्या हाताने लावलेला आकडा परत लावावा. पिन लावली की ह्याच्या उलट. मध्ये मी काही बदलले, तर माझाच शब्द शेवटचा. शून्य तर कधीच लिहू नये. काही यंत्रांवर शून्य म्हणजे मागचा दिवा साफ बंद. मग बसा अंधारात बटणे चाचपत! आणि कात्री लावायचीच तर वरच्या टोकाला लावा. डोळा बेरजेने मोजत नाही, पटीने मोजतो. दहाचे वीस केले तर लख्ख कळते, शंभरचे नव्वद केले तर पत्ताही लागत नाही. एवढी यातायात नको असेल, तर केडीईसारख्या मांडणीत विजेवर, बॅटरीवर आणि बॅटरी संपत आल्यावर असे तीन वेगळे तक्ते असतात. त्यांतली प्रखरतेपुढची खूण पुसली, की तंटा मिटला.

"पण काका, बॅटरी संपली तर?" संपेल तेव्हा संपेल, बाबा! तशी सूचना द्या, दोनदा द्या, घंटा वाजवून द्या. खातेदाराला शिल्लक कळवणे हे आम्हीही करतोच. पण शिल्लक कमी आहे म्हणून काउंटरवरचा दिवा मालवणारी बँक अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.