सही कोणाची?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आमच्या घरात रात्री उशिरापर्यंत वाद चालला होता. विषय जमीनजुमल्याचा नव्हता, राजकारणाचाही नव्हता. विषय होता 'एंजल हार्ट' हा १९८७ सालचा इंग्रजी चित्रपट. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी तो भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता. या वेळी सौ., मुलगा, सून आणि बँकेत माझ्याबरोबर उमेदीची वर्षे काढलेला एक मित्र असे पाचजण बसलो होतो. चित्रपट प्रौढांसाठीच आहे. अमेरिकेत त्याला आधी सर्वांत कडक असे 'एक्स' प्रमाणपत्र मिळाले होते, आणि सुमारे दहा सेकंदांचा भाग कापल्यावर ते बदलले. तेव्हा मुलांना घेऊन बसू नये. शिवाय ज्यांना तो पाहायचा आहे त्यांनी हा लेख नंतर वाचावा, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

गोष्ट १९५५ सालची. न्यूयॉर्कमधल्या हॅरी एंजल या साध्यासुध्या खासगी गुप्तहेराला (मिकी रूर्क) लुई सायफर नावाचा श्रीमंत गृहस्थ (रॉबर्ट डी नीरो) एक काम देतो. युद्धापूर्वी गाजलेला आणि युद्धात जखमी झाल्यावर नाहीसा झालेला जॉनी फेव्हरिट हा गायक शोधून काढायचा. शोध न्यू ऑर्लिन्सच्या वुडूपंथीयांपर्यंत जातो. एंजल ज्याला भेटतो त्याचा खून होतो. अखेर कळते की जॉनीने कीर्तीसाठी आपला आत्मा सैतानाला विकला होता आणि करार बुडवण्यासाठी एका तरुण सैनिकाचा बळी देऊन त्याची ओळख चोरली होती. पुढे स्मृती गेली आणि तो त्याच नावाने जगू लागला. एंजल ज्याला शोधतो आहे तो जॉनी म्हणजे तो स्वतःच, आणि खुनीही तोच. लुई सायफर हे नाव भरभर उच्चारून पाहा. ल्युसिफर!

मुलगा म्हणाला, "मी नावावरूनच ओळखलं होतं. मग उरलेले दोन तास कशाला?" पण त्याची खरी तक्रार वेगळी होती. गुप्तहेरकथेत सैतान आणणे म्हणजे फसवणूक, असे त्याचे म्हणणे. त्याच्या बाजूला मोठे साक्षीदार आहेत. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यांत दैवी किंवा अमानवी शक्तीला मज्जाव आहे आणि गुप्तहेराने स्वतः गुन्हा करायचा नाही हेही आहे. 'एंजल हार्ट' हे दोन्ही नियम मोडतो. गंमत अशी की हे नियम करणारे नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. माझ्या लहानपणी वाचनालयातही हीच शिस्त होती. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार एका फळीवर, नारायण धारपांची भुते दुसऱ्या.

सून महाविद्यालयात इतिहास शिकवते. तिचा आक्षेप अधिक गंभीर होता. सैतानाला आत्मा विकण्याची कथा युरोपातली, फाउस्टची. वुडू हा गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी जपलेला धर्म. हैतीत १७९१ साली गुलामांचे बंड पेटले आणि तिथून परागंदा झालेली हजारो माणसे क्युबामार्गे १८०९ च्या सुमारास न्यू ऑर्लिन्सला आली. तिचा प्रश्न असा, की पाप केले एका गोऱ्या गायकाने, मग भीती दाखवायला कोंबडी कापणारी काळी माणसेच का? "आपल्याकडेही करणीचा आळ गावातल्या एकट्या बाईवरच येतो ना? म्हणून तर २०१३ साली कायदा करावा लागला," ती म्हणाली. मला तिचे म्हणणे पटले. मूळ कादंबरी विल्यम यॉर्ट्सबर्ग यांची, १९७८ ची. ती न्यूयॉर्कमध्येच घडते. न्यू ऑर्लिन्स दिग्दर्शक अ‍ॅलन पार्कर यांनी आणले. शहर पडद्यावर विलक्षण दिसते, पण त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली.

मुलाचे म्हणणे मात्र मला अर्धेच पटले. ज्याचा शोध घ्यायचा तोच आपण निघायचे, ही युक्ती सैतानाची नव्हे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी सोफोक्लिसचा राजा इडिपस राज्यावरचे संकट टळावे म्हणून आधीच्या राजाचा खुनी शोधत होता. चित्रपटाच्या शेवटी सायफर त्याच नाटकातल्या अंध द्रष्ट्याचे एक वाक्य एंजलला ऐकवतो. गुपित नावात आहेच. ते आपल्याला आधी कळते आणि एंजलला शेवटी, हीच तर गोष्ट आहे.

मित्र एवढा वेळ गप्प होता. तो म्हणाला, "साहेब, हा सायफर आपल्यातलाच वाटला. आवाज चढवत नाही, कपडे नीटनेटके, आणि करार, तारण, जप्ती हीच भाषा." आम्ही दोघे हसलो. डी नीरोची ती वाढवलेली नखे, आत्म्याविषयी बोलत सावकाश अंडे सोलणे, यांची भीती काही वेळाने ओसरते. सैतान भयंकर वाटतो तो त्याचे कागद चोख आहेत म्हणून.

सौ. मात्र हसली नाही. "बिचाऱ्याला काही आठवतच नव्हतं. मग शिक्षा कसली?" एवढेच तिने विचारले.

मी उत्तर दिले नाही. मला एक जामीनदार आठवला. तालुक्याच्या शाखेत असताना एका कर्जाची वसुली माझ्याकडे होती. कर्जदार गाव सोडून गेला होता. जामीनदार निवृत्त शिक्षक. नोटीस हातात धरून आले आणि म्हणाले, "मी असा कुठलाच कागद केलेला नाही." ते खोटे बोलत नव्हते, खरोखरच विसरले होते. मी फाइल उघडून सही दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि हळूच म्हणाले, "सही माझीच आहे." पुढे त्यांच्या पेन्शनमधून हप्ते जात राहिले. आरशासमोर उभ्या राहिलेल्या एंजलचा चेहरा पाहताना मला तो चेहरा दिसला.

कायद्याने माझी बाजू बरोबर होती. विसरल्याने देणे फिटत नाही, आणि आजही माझे मत तेच आहे. जॉनी फेव्हरिटने ज्याचा जीव घेतला त्या सैनिकालाही घर असेल. खुन्याला आठवत नाही म्हणून त्याचे मरण पुसले जात नाही. पण सौ.च्या प्रश्नाने मी वेगळ्याच ठिकाणी अडकलो. त्या शिक्षकांचे नाव काय होते? कर्जाची रक्कम मला आठवते, खात्याचे पानही डोळ्यांसमोर येते. नाव येत नाही. त्या नोटिशीवरची सही तर माझी होती.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी जुन्या डायऱ्या काढल्या. अजून सापडलेले नाही. शोधतो आहे.