मधली मोकळी जागा

‘मी पण’ आणि ‘मीपण’. अक्षरे तीच, क्रमही तोच. पण मधली फट मिटली आणि बरोबर यायला निघालेला माणूस एकदम अहंकारी ठरला! उत्तरपत्रिकांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात आणि आमच्या लाल पेन्सिलीला काम मिळते. मोडी लिहिणारे जुने कारकून तर शब्दांत फटच ठेवीत नसत; वाचणाऱ्याने ती मनाने पाडून घ्यायची.

यीस्टला अशी सवलत नाही. यीस्ट म्हणजे पावाच्या पिठात आणि आमच्या नाशिकच्या द्राक्षरसाच्या टाक्यांत फसफसणारा तो एकपेशीय जीव. त्याच्या डी.एन.ए.ची पोथी १९९६ साली संपूर्ण वाचून झाली. अक्षरे सुमारे १ कोटी २० लाख, जनुके ६,००० च्या आसपास. ही सगळी जनुके एकाच वेळी राबत नाहीत. जनुकापुढे खुणेची अक्षरे असतात. त्यांवर नेमके प्रथिन येऊन बसले की ते जागे होते.

आता गंमत पाहा. ‘गॅल-४’ हे प्रथिन शोधते ‘सीजीजी’, मग ११ अक्षरांचे अंतर, मग ‘सीसीजी’. ते बसले की गॅलॅक्टोज, म्हणजे दुधातल्या साखरेचा एक घटक, पचविणारी जनुके कामाला लागतात. टोके तीच ठेवून अंतर १० असेल, तर तेथे ‘पुट-३’ येते. त्याचे खाते प्रोलीन या अमिनो आम्लाचे. अंतर ६ असेल तर ‘पीपीआर-१’, आणि त्याच्याकडे खुद्द डी.एन.ए.च्या अक्षरांचा कच्चा माल!

एका अक्षराने एवढे का बिघडावे? गॅल-४ डी.एन.ए.ला कसे धरते, याचे चित्र १९९२ साली अमेरिकेत मिळाले. ते जोडीने येते. एकेक पंजा एकेका टोकावर. डी.एन.ए. हा गोल जिना आहे, वाचकहो. एक पायरी वाढली की पलीकडचे टोक दूर तर जातेच, शिवाय सुमारे ३४ अंशांनी वळते. पंजे जोडणारा दुवा मात्र ठरलेल्या मापाचा. मग पकड बसायची कशी? मधल्या पायऱ्यांवर काय लिहिले आहे याची त्याला फारशी फिकीर नसते. त्या किती, एवढेच महत्त्वाचे.

मुंबईच्या आय.आय.टी.त पी. जे. भट यांनी यीस्टच्या याच गॅलॅक्टोज-व्यवस्थेवर संशोधन केले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००८ साली निघाला.

आमच्या द्राक्षरसात प्रोलीन मुबलक असते. खुणा जागच्या जागी, अंतरेही बिनचूक. पण प्रोलीन पचवायला प्राणवायू लागतो. बंद टाकीत यीस्ट त्याच्या वाटेला जवळजवळ जातच नाही, आणि ते बरेचसे वाइनमध्ये तसेच उरते.