भुताच्या खात्यात कोण?

दोस्तहो, सिनेमांची यादी करणं हा रिकामटेकड्यांचा धंदा नव्हे. यादी करणारा ठरवतो, कशाला भ्यायचं आणि कुणाच्या मरणाला गुन्हा म्हणायचं.

वस्तीतल्या पोरांनी समाजमंदिरात पांढरी चादर टांगून चार शनिवार सिनेमे लावायचं ठरवलं. दोन भुताचे, दोन गुन्ह्याचे. यादीचं काम माझ्या गळ्यात. मोबाईल उघडला तर तयार याद्यांचा उकिरडा. ‘अंगावर काटा आणणारे दहा’, ‘एकट्यानं बघू नका’. आणि ‘सैराट’ (२०१६) कुठं सापडला? प्रेमकथांत! अरे, शेवटी दोघांना कापून टाकलंय, लेकराची रक्तातली पावलं उमटलीत, आणि हे म्हणतात प्रेमकथा. ‘आक्रोश’ (१९८०) कलात्मकच्या खात्यात. लहान्या भिकूच्या बायकोवर बलात्कार होतो, तिला मारतात, खुनी म्हणून त्यालाच आत टाकतात. तरी तो गुन्हेपट नाही. का, तर पिस्तूल नाचवणारा हिरो नाही त्यात.

म्हटलं, आपली खाती आपणच पाडू.

पहिलं खातं वाड्याचं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच साली रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ आला. मी लावला त्यांचाच ‘वीराना’ (१९८८). हसू नका. त्यात ठाकूरच्या घरचे एका बाईला चेटकीण म्हणून फासावर देतात, आणि सिनेमा सांगतो ती खरंच चेटकीण होती. वाड्यातून बघणारा कॅमेरा दुसरं काय सांगणार? बाईवर करणीचा आळ घेऊन तिला छळणं महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे त्यांचा भयपट आपल्या खात्यात गुन्हेपट झाला.

दुसऱ्या शनिवारी ‘तुंबाड’ (२०१८). कोकणातला वाडा, बामणाची सोन्याची हाव. पण माझं डोकं अडकलं हस्तरपाशी. त्यानं सोनं घेतलं तोवर ठीक, धान्याला हात घातला तेव्हा सगळे देव अंगावर आले. त्याची पूजा बंद, नाव काढायचं नाही, अन्न नाही. आणि हाच म्हणे राक्षस! दोस्तहो, ही अट ऐकल्यासारखी वाटते का? दिग्दर्शकाच्या डोक्यात हे होतं असं मी म्हणत नाही. खोलीतल्या आमच्या म्हाताऱ्या मात्र हस्तरच्या बाजूनं होत्या. एक म्हणाली, “भूक लागली लेकराला, दुसरं काय.”

तिसरं खातं चौकीचं, आणि इथं मी माती खाल्ली. वेट्रीमारनचा तमिळ ‘विसारणै’ (२०१५) लावला. पोटासाठी गुंटूरला गेलेली तमिळ पोरं, बागेत झोपणारी. पोलीस उचलतात आणि न केलेली चोरी कबूल करा म्हणून फोडून काढतात. मी तोंडानं मराठीत सांगत होतो. वीस मिनिटांत मागचा एक पोरगा उठला. बाहेर गाठला तर म्हणाला, “मला माहितेय पुढं काय करतात.” तो स्वतः कोठडीत राहून आलेला. मला ठाऊक होतं, आणि तरी मी त्याला सतरंजीवर बसवून ते दाखवत होतो. कुणासाठी केली होती मी ती यादी? आपल्या अंगावरचे वळ आपल्यालाच दाखवायचे आणि त्याला जागृती म्हणायचं, हा रोग आपल्या चळवळीत जुना आहे.

म्हणून चौथा बदलला. पँथर हे नाव आपण अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. त्यांचाही भुताचा सिनेमा तिथंच येऊन थांबतो. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) मध्ये काळा नायक रात्रभर मढ्यांशी झुंजून वाचतो आणि सकाळी गोऱ्यांच्या बंदूकवाल्या टोळीची गोळी खातो. तो नाही लावला. जॉर्डन पीलचा ‘गेट आऊट’ (२०१७) लावला. शेवटी पोरगा गोऱ्यांच्या घरातून सुटतो, रस्त्यावर गाडीचा दिवा लुकलुकतो. पोलीस! खोली गार. पीलनं आधी त्याला तुरुंगात धाडणारा शेवट चित्रित केला होता, मग बदलला. गाडीतून उतरतो तो दोस्त. काय शिट्ट्या पडल्या!

तो पोरगा आला होता. पुढची यादी तोच करतोय. पहिलं नाव रजनीकांतचा ‘काला’ (२०१८), धारावीतला. मी म्हटलं, हा गुन्हेपट कुठं रे? म्हणाला, “जमीन ढापतात की त्यात.”