मोर्चात मराठी, दप्तरात इंग्रजी

"मराठी शाळेत घातलं की पोराचं कन्नड कच्चं राहतं, इंग्रजी तर येतच नाही." बेळगावात हे आपलीच माणसं सांगत फिरतात. तीस वर्षं मी डी.एड.च्या मुलांना वाचन कसं शिकवायचं ते शिकवलं, त्यांचे पाठ बघत सीमाभागातल्या शाळा हिंडलो. म्हणून स्पष्ट लिहितो, हे खोटं आहे.

वाचायला माणूस एकदाच शिकतो. अक्षराला आवाज असतो हे आपल्या बोलीत डोक्यात बसलं की दुसऱ्या लिपीत शिकायची ती फक्त वळणं. कन्नडमधलं कागुणित म्हणजे आपली बाराखडीच की! क-ख-ग-घ तोच क्रम. नवं काय, तर ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ. बाराखडी पक्की असलेलं पोर ते सहज उचलतं. उलट घरी मराठी आणि पहिलीपासून सगळं इंग्रजी, अशी पोरं धडा घडाघडा वाचतात आणि "काय वाचलंस रे?" विचारलं की पायाकडं बघतात. (आई-बाप याला फाडफाड इंग्रजी म्हणतात.)

१ नोव्हेंबर १९५६ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. त्याच दिवशी घटनेत कलम ३५०-अ आलं : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी. सरकारला ते जरूर सुनवा, काळ्या दिनाला जा. पण पटावर पोरंच नसतील तर मराठी शाळा बंद करायला वेगळा कायदा कशाला लागतो?

बंद शाळेच्या कुलपाचा फोटो टाकणाऱ्यांनी आधी सांगावं, तुमची नातवंडं कुठल्या शाळेत जातात?